सव्वादोन लिटर, पुस्तकाप्रमाणे

जगात अंदाज नावाची काही वस्तू आहे, हे आमच्या व्याह्यांनी आजवर मान्य केलेलं नाही. तुम्ही-आम्ही अंदाजाने भात लावतो, अंदाजाने घराबाहेर पडतो आणि अंदाजानेच कुठेतरी पोहोचतो. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तर ट्रॅफिकला दोष देऊन मोकळे होतो. व्याही मोजतात. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, दुधाची मापं पाण्याने भरून बघायची आणि खोटं माप सापडलं की जप्त करून पुढच्या गावाला निघायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन आता चौदा वर्षं होत आली, पण त्यांच्या वागण्यावरून निवृत्त झालं असेल तर ते खातंच. पनवेलच्या मंडईत ते शिरले की भाजीवाल्या न सांगता काटा पुसून शून्यावर आणून ठेवतात. एकदा माझ्यादेखत एका मिठाईवाल्याने खोक्यासकट पेढे तोलले. ह्यांनी काही न बोलता शेजारचं एक रिकामं खोकं उचलून काट्यावर ठेवलं आणि त्या माणसाकडे नुसतं बघत राहिले. त्या बिचाऱ्याने आधी दोन पेढे वाढवले, मग आणखी दोन, आणि शेवटी कारागीर गावाला गेल्याचं, बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं स्वतःहून सांगायला सुरुवात केली.

आमची ओळख झाली तीच मोजमापाने. त्यांच्या मुलाने आणि माझ्या मुलीने आपापसात सगळं ठरवून टाकलं होतं. आम्हा थोरांना फक्त पोह्यांपुरतं बोलावलं होतं. आमच्या खांदा कॉलनीतल्या घरी ही मंडळी आली, मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली, आणि बोलता बोलता माझी बायको कौतुकाने म्हणाली की आमची लेक उंचीला चांगली आहे हो, पाच फूट तीन इंच. व्याह्यांनी चष्म्यावरून एकदा मुलीकडे बघितलं आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाले, "पाच दोन आणि पाऊण असेल." मुलगी खळखळून हसली. बायको हसली नाही. पाहुणे गेल्यावर तिने मुलीला बाथरूमच्या दाराला टेकवून उभं केलं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि मला पेन्सिलीने खूण करायला लावली. पाच फूट, दोन इंच आणि वर पाऊण. बायको बराच वेळ त्या खुणेकडे बघत राहिली आणि म्हणाली, हा माणूस पुढे आणखी काय काय मोजेल कोण जाणे. तिची भीती रास्त होती. लग्नात मंगलाष्टकं जरा लवकर संपायला आली, तर मुहूर्ताला अजून चाळीस सेकंद आहेत असं सांगून ह्यांनी भटजींना आणखी एक श्लोक म्हणायला लावला. वाढप्याच्या हातातला श्रीखंडाचा डाव घेऊन तो उलटासुलटा करून बघितला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की डाव लहान आहे, पण माणूस मनाने चांगला आहे, दोनदा वाढतोय. मी मुलीचा बाप. मी मान डोलावण्यापलीकडे काय करणार?

ह्या माणसाच्या घरात अंदाजाला एकच जागा होती, ती म्हणजे विहीणबाईंचं स्वयंपाकघर. लग्न झाल्या झाल्या त्यांनी बायकोला विचारलं होतं म्हणे, की चवीपुरतं मीठ म्हणजे नेमकं किती ग्रॅम. विहीणबाईंनी उत्तर दिलं, "जेवून बघा, कमी पडलं तर सांगा." तेव्हापासून आजपर्यंत कमी पडलेलं नाही, आणि किती घालतात तेही व्याह्यांना कळलेलं नाही. हा एक पराभव त्यांनी मोठ्या मनाने पचवला.

दुसरा पराभव त्यांच्या मोटारसायकलीने केला, आणि तो मात्र त्यांना अजून पचलेला नाही. गाडी पासष्ट सालची, साडेतीनशे सीसीची, काळी कुळकुळीत, पेट्रोलच्या टाकीवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. नोकरीच्या सुरुवातीला एका निवृत्त होणाऱ्या साहेबांकडून त्यांनी ती घेतली आणि तिच्यावरून पेण, उरण, कर्जत, खालापूर असे सगळे आठवडी बाजार पालथे घातले. मागच्या सीटवर सरकारी वजनांची लाकडी पेटी दोरीने बांधलेली असायची. विहीणबाई अजून सांगतात की लग्नानंतरची पहिली तीन वर्षं पेटी मोटारसायकलवरून फिरली आणि मी एस.टी.ने.

मुलगी त्या घरात गेली आणि महिनाभरातच मला फोन आला. "व्याही, रविवारी सकाळी मोकळे आहात का? गाडीचं तेल बदलायचंय." मला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही. माझी बिनगिअरची स्कूटर मी वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला टाकतो आणि तो पोरगा सांगेल त्याला हो म्हणून येतो. पण बायको म्हणाली, आपण मुलीकडचे आहोत, बोलावलंय तर जायचं. गेलो. त्यानंतर दर तीन महिन्यांनी जात राहिलो, आणि मुलीकडचा म्हणून जाणं कधी थांबलं आणि आपणहून जाणं कधी सुरू झालं, ते मला सांगता यायचं नाही.

त्या पहिल्या रविवारी त्यांनी गाडीसोबत आलेलं मूळ पुस्तक माझ्या हातात दिलं. पानं पिवळी पडलेली, कडांना तेलाची बोटं उमटलेली. त्यांनी एक पान उघडून विचारलं, "किती तेल लागेल?" मी वाचून सांगितलं, सव्वादोन लिटर. चुकीचं उत्तर ऐकून ज्यांना मनापासून आनंद होतो असे काही मास्तर असतात, त्यांच्यातले हे. म्हणाले, सव्वादोन हे कोरड्या इंजिनाला. कारखान्यात ही गाडी जन्माला आली त्या दिवशी एकदाच तिला एवढं लागलं, त्यानंतर ती कधी कोरडी झालीच नाही. आता खालचा नट काढून सगळं तेल सोडलं तरी पावणेदोनच्या आसपासच बाहेर येतं. उरलेलं अर्धं लिटर आत पंपात, नळ्यांत, कानाकोपऱ्यांत चिकटून बसतं. पुस्तकावर विश्वास ठेवून तुम्ही सव्वादोन ओतलंत तर अर्धं लिटर जास्त होणार, आणि जास्त झालेलं तेल गाडी ठेवून घेत नाही, बाहेर थुंकते. हे अर्धं लिटर बाहेर काढण्यासाठी त्यांनी उभ्या आयुष्यात काय नाही केलं? गाडी डावीकडे कलती केली, उजवीकडे कलती केली, मागचं चाक विटांवर चढवून दिवसभर तशीच ठेवली. एकदा तर अख्खं इंजिन खोललं. सरतेशेवटी त्यांनी त्या अर्ध्या लिटरचं अस्तित्व मान्य केलं, पण त्याला माफ केलं नाही.

मग नेमकं किती घालायचं? तर जेवढं निघालं तेवढं. पण किती निघेल ते इंजिन किती तापलंय यावर ठरतं. थंड इंजिनातलं तेल जाड असतं, आतच रेंगाळतं. म्हणून तेल बदलायच्या दिवशी आधी गाडीने आपट्याला जाऊन यायचं, हा नेम. मी मागे बसायचं. जुन्या पनवेलातल्या त्यांच्या इमारतीतून सकाळी सातला निघायचं, कर्नाळ्याची खिंड ओलांडायची, आपट्याला पाताळगंगेच्या काठी एकेक चहा घ्यायचा आणि परत. आल्या आल्या, इंजिन गार व्हायच्या आत, खालचा नट काढून तेल घमेल्यात सोडायचं. पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. मग ते काळं तेल खात्याची मोहोर असलेल्या पितळी मापाने मोजायचं, तेवढंच नवं तेल नरसाळ्याने ओतायचं, गाडी पाच मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची, थांबायचं आणि मग झाकणाला लावलेली तेल मोजायची पट्टी पुसून, पुन्हा आत बुडवून बघायची. पट्टीवर कारखान्याने दोन खुणा दिल्या आहेत, पण त्यांच्या मते वरची खूण चूक आहे. तिच्या खाली थोड्या अंतरावर त्यांनी स्वतः कानशीने तिसरी खूण पाडलीय. तेल त्या तिसऱ्या खुणेवर आलं की मगच वरून पोहे खाली येतात. तोवर विहीणबाईही मोहरी टाकत नाहीत.

मी आपला सुरुवातीला घमेलं धरायला आणि फडकं पुढे करायला. माझी खरी भरती झाली ती मी केलेल्या एका पराक्रमामुळे. मुलीच्या लग्नाला वर्ष झालं असेल, व्याही आणि विहीणबाई भाच्याच्या लग्नासाठी तीन आठवडे नागपूरला गेले. मुलगी आणि जावईही बरोबर. घराच्या आणि गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे देऊन जाताना व्याही स्वच्छ म्हणाले होते की गाडीला काही करायचं नाही. पण माणसाला प्रेम आलं की त्याला सूचना ऐकू येत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी तिकडे चक्कर टाकली, गाडीवरचं कापड काढलं, आणि आता आपल्याला येतंच की, म्हणून तेलाची पट्टी काढून बघितली. पट्टी कोरडी ठणठणीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळं तेल गळून गेलं की काय म्हणून खाली वाकून बघितलं तर जमिनीवर थेंबही नाही. मग मला वाटलं, चोरीला गेलं. इंजिनाच्या पोटातलं तेल कोण चोरून नेणार, हा विचार मला सुचला नाही. मी फडताळातला नवा डबा काढला आणि ओतलं. खात्री करावी म्हणून गाडी चालू करायचं ठरवलं. किक मारता मारता माझा सदरा भिजला, पण गाडी एकदाची चालू झाली. मिनिटभर सगळं छान चाललं. मग ब्रीदर म्हणून एक रबरी नळी असते, जिच्यातून इंजिन श्वास सोडतं, तिच्यातून गाडीने माझं सगळं प्रेम बाहेर टाकलं. शेजारी सोसायटीच्या सेक्रेटरींची पांढरी मोटार नुकतीच धुऊन उभी होती.

मी नागपूरला फोन लावला. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, किती घातलंत? मी म्हटलं, असेल लिटरभर. मग ते म्हणाले, "असेल?" नको सांगूनही गाडी चालू केली, तेल सांडलं, दुसऱ्याची मोटार माखली, यातलं काहीही त्यांना लागलं नव्हतं. मी मोजलं नाही, हे लागलं होतं. मग त्यांनी नीट समजावलं. ही गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल थेंबाथेंबाने खाली इंजिनाच्या पोटात उतरतं, आणि पट्टी असते वरच्या कप्प्यात. म्हणून आधी चालू करायची, पंपाने तेल वर आणलं की मग बघायचं. "थंड गाडीला विचाराल तर ती खोटंच सांगणार, व्याही." परत आल्यावर ते आधी सेक्रेटरींकडे गेले आणि माझी गाडी, माझं तेल, चूक माझी, असं सांगून आले. माझं नाव त्यांनी तिथे काढलं नाही, माझ्या मुलीपाशी काढलं नाही, विहीणबाईंपाशीसुद्धा नाही. मला त्या दिवशी हा माणूस फार आवडला. पुढच्या वेळेपासून त्यांनी फडकं माझ्या हातून काढून घेतलं आणि नरसाळं दिलं.

अलीकडे, म्हणजे गेल्या दीडेक वर्षात, ते माझी परीक्षा घेऊ लागले होते. पट्टी पुसून आत बुडवायची, बाहेर काढायची आणि माझ्यासमोर धरून विचारायचं, बघा, कुठवर आलंय. मी डोळे बारीक करून सांगायचो, तुमच्या खुणेच्या जरा खाली, किंवा अगदी खुणेवर. ते म्हणायचे, बरोबर. सलग सहा वेळा मी पास झालो आणि घरी येऊन बायकोला फुशारकीने सांगितलंसुद्धा. इतरही काही गोष्टी बदलल्या होत्या, पण मी त्यांचा अर्थ लावला तो माझ्या पद्धतीने. त्यांनी पेपर बंद केला. म्हणाले, त्यात काही राम उरला नाही. मंडईत ते काट्याकडे न बघता भाजीवालीलाच आकडा विचारू लागले. मला वाटलं, वयाने माणूस निवळतो. परीक्षकालाच उत्तरपत्रिका दिसत नव्हती, हे मला कुठे ठाऊक?

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. आपट्याहून चहा घेऊन परत निघालो होतो. हायवेला लागायच्या आधीचा रस्ता, सरळ, मोकळा, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, ऊन लख्ख पडलेलं. समोरून वाडीवरची एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन रस्ता ओलांडत होती. मला ती त्यांच्या खांद्यावरून चांगली लांबून दिसली. गाडीचा वेग कमी होईना. मला वाटलं, आता होईल, आता होईल. ती बाई रस्त्याच्या बरोबर मध्ये आली तरी व्याही तसेच ताठ बसून चाललेले. मग मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. त्यांनी ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, गाडी तिरकी होऊन थांबली आणि मोळी रस्त्यावर पसरली. बाई आणि पुढचं चाक यांच्यात हातभर अंतर होतं.

ती ओरडली नाही की तिने शिव्या दिल्या नाहीत. ती जरा पुढे आली, व्याह्यांच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाली, "बाबा, दिसत नाय का तुला? एवढी मोळी हाय डोक्यावर."

ऊन डोळ्यांवर आलं, असं त्यांना म्हणता आलं असतं. मी तरी तेच म्हटलं असतं. ते म्हणाले, "नाही दिसत."

"मंग गाडी कशाला चालवतो?"

आम्ही लाकडं गोळा केली, मोळी पुन्हा बांधली. व्याह्यांचे हात रस्त्यावर चाचपडत होते, आणि मी ते पहिल्यांदा नीट बघत होतो. मोळी तिच्या डोक्यावर चढवताना मात्र त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, बावीस किलो. ती म्हणाली, असंल, रोजचीच हाय, आणि चालू लागली.

ते रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसले आणि त्यांनी मला सांगितलं. डोळ्याच्या पडद्याची झीज आहे. आधी उजवा गेला, मग डावा. कडेचं सगळं स्वच्छ दिसतं, मधोमध जे असतं तेवढंच पुसून गेल्यासारखं होतं. "आत्ता तुमचा कान दिसतोय, तोंड नाही." डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगून वर्ष झालं होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, आणि पट्टीवरची खूण? ते म्हणाले, दीड वर्षात दिसलेली नाही, तुम्ही सांगायचात तीच.

मला फार राग आला. आमची चार वर्षांची नात याच गाडीच्या टाकीवर बसून दर शनिवारी तलावाला फेरी मारत होती, आणि ही गोष्ट या माणसाने पोटात ठेवली होती. व्याही आहेत, वडीलधारे आहेत, हे सगळं विसरून मी बोललो. तुम्ही उभ्या जन्मात लोकांची खोटी मापं जप्त केलीत आणि स्वतःच्या डोळ्यांचं माप वर्षभर खोटं सांगत राहिलात, असंही म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नातीच्या आईला तुम्ही काही सांगू नका. तुम्ही मुलीकडचे, तुमच्यावर यायला नको. मी सांगतो." आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. किल्ली माझ्या हाताच्या वीतभर बाजूला होती.

उजव्या पायाच्या गिअरची गाडी मी जन्मात चालवली नव्हती. आपट्यापासून पनवेलपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. कर्नाळ्याच्या खिंडीत मागून येणारे ट्रक माझा उद्धार करत पुढे जात होते. व्याही मागे बसून नुसत्या आवाजावरून माझ्या खांद्यावर बोट टेकवायचे. एकदा टेकवलं की क्लच, दोनदा टेकवलं की सोडा. दोन तास लागले. घरी पोचल्यावर मला वाटलं, आता हे वर जाऊन सगळ्यांना बसवून सांगतील. ते म्हणाले, आधी नट काढा, इंजिन तापलंय ते वाया कशाला घालवायचं. तेल बदलून झालं, हात धुऊन झाले, आणि मग जेवणाच्या पानावर त्यांनी एखाद्या दुकानाचा तपासणी अहवाल वाचावा तसं सगळं सांगितलं. कुठला डोळा, कधीपासून, किती. जावई सुन्न झाला. मुलगी रडू लागली. विहीणबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "मला काय कळत नव्हतं? म्हणून तर वर्षभर आमटीची वाटी जागची हलवली नाही मी."

त्यानंतर व्याह्यांनी गाडी चालवलेली नाही. जावयाने एकदा गाडी विकायचं काढलं, तर माझ्या मुलीनेच त्याला गप्प केलं. गाडी खाली कापड पांघरून उभी असते. तेल मात्र दर तीन महिन्यांनी बदललं जातं. आता ती स्टँडवर लावून वीस मिनिटं चालू ठेवतो आणि ती जागेवर उभ्या उभ्या आपट्याला जाऊन येते असं समजतो. चहा विहीणबाई खाली पाठवतात. मी एकदा सुचवून बघितलं की गाडी कुठे जातच नाही, निघालेलं तेलही मधाच्या रंगाचं आहे, वर्षातून एकदा बदललं तर? ते म्हणाले, तेल बसूनही जुनं होतं.

गेल्या रविवारी असेच बसलो होतो. आता ओततो मी, आणि ते शेजारी खुर्ची टाकून नरसाळ्यातला आवाज ऐकतात. ओतता ओतता माझा फोन वाजला, मी खिशाकडे बघितलं आणि डबा जरा जास्त कलला. गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, थांबलो, पट्टी पुसून आत बुडवली, बाहेर काढली. तेल त्यांच्या खुणेच्या वर गेलं होतं. फार नाही. त्यांनी विचारलं, किती आलं? खुणेवर आहे म्हटलं असतं तर या जगात कुणालाही कळलं नसतं. पण मी सांगितलं की वर गेलंय, जवाएवढं, माझं लक्ष नव्हतं. आणि बोलणी खायला तयार होऊन उभा राहिलो.

त्यांनी फडक्याला हात पुसले, खुर्चीची पाठ चाचपून मागे टेकले आणि म्हणाले, "चालेल."

हा शब्द मला दिवसातून पंचवीस वेळा लागतो. त्यांच्या तोंडून तो सहा वर्षांत मी एकदाही ऐकला नव्हता. त्यांनी गाडी सोडली तेव्हाही वाटलं नव्हतं इतकं वाईट मला तो ऐकून वाटलं. मी म्हटलं, "नाही चालणार." वर जाऊन विहीणबाईंकडून औषधाची मोठी सिरिंज मागून आणली, जास्तीचं तेल ओढून काढलं आणि किती काढलं ते सिरिंजवरच्या आकड्यांवरून मोजून त्यांना सांगितलं, आठ मिली. ते खुर्चीत सरळ बसून, आवाज पूर्वीसारखा चढवून म्हणाले की मग परत चालू करा, पाच मिनिटं होऊ द्या, आणि नीट थांबून बघा. मी किक मारली. गाडीचा ठेका लागला तसा मी मान वर केली, तर ते माझ्या शेजारच्या खांबाकडे टक लावून बघत होते. हल्ली त्यांना माणूस बघायचा असला की असंच, त्याच्या बाजूला बघावं लागतं.